झाडू कुणाच्या हातात?



या सदरातून आपण बहुधा दाखले, अर्ज, शिष्यवृत्ती आणि मुलांच्या प्रवेशाबद्दल बोलतो. मी कारकून माणूस, कागदाबाहेरचे मला फारसे सुचत नाही. पण आज घरातलीच एक गोष्ट सांगणार आहे. ती लिहावी की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. शेवटी वाटले, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अकरावी-बारावीची मुले आहेत. आज ना उद्या ही वेळ त्यांच्यावरही येईल. म्हणून लिहितो.

आमचा थोरला मागच्या वर्षी अकरावी कॉमर्सला गेला. मुलगा अभ्यासात बरा, पण चारचौघांत मिसळायचे म्हटले की अंग चोरणारा. कॉलेज सुटले की घर, घरी आला की मोबाईल. एक दिवस वर्गात राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे एन.एस.एस.च्या मॅडम आल्या. त्यांनी नावे मागितली. कोणी हात वर करीना. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मित्राने गंमत म्हणून आमच्या चिरंजीवांचे नाव मोठ्याने सांगितले आणि मॅडमनी ते लिहूनही घेतले! घरी आल्यावर कुरकुर सुरू झाली. "पप्पा, रविवार जाणार. माझं नाव काढायला सांगा." मी म्हटले, "महिनाभर जाऊन बघ. नाही पटलं तर मी स्वतः येऊन नाव काढतो."

ही योजना काय आहे, हे आधी थोडक्यात सांगतो. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी शताब्दीच्या वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. पुढे अकरावी-बारावीच्या वर्गांपर्यंत आली. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास समाजाचे काम करायचे आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे. हे सर्व पार पाडले की प्रमाणपत्र मिळते. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' असा तिच्या बोधवाक्याचा भाव आहे. मी शिकत असताना या वाटेला गेलो नाही. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात अभ्यास, यातच माझे बी.कॉम. झाले. त्यामुळे मुलाने तरी हे करावे, असे मनातून वाटत होते.

पहिले दोन रविवार बरे गेले. झाडे लावली, एका रक्तदान शिबिरात नावे लिहून घेतली. तिसऱ्या वेळी २ ऑक्टोबरची स्वच्छता मोहीम आली. पोरगा दुपारी घरी आला तो न बोलता कोपऱ्यात जाऊन बसला. जेवेना. त्याच्या आईने खोदून विचारले तेव्हा कळले. कामाची वाटणी बारावीचा एक मुलगा करीत होता. कोणाला बॅनर दिले, कोणाला फोटो काढायला सांगितले, कोणाला पाण्याच्या बाटल्या वाटायला. आमच्या मुलाला आणि शेजारच्याच वस्तीतल्या दुसऱ्या दोघांना झाडू, घमेले आणि कॉलेजमागची तुंबलेली गटार मिळाली. वर तो सहज म्हणाला, "तुम्ही वस्तीतली पोरं, तुम्हाला सवय असेल."

शिवी दिली नाही, जातीचे नाव घेतले नाही. पण घाव लागायचा तिथे लागला.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, बाजेवर बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, "बरं केलंस पोरा, निघून आलास ते. जो झाडू माझ्या बापानं टाकला, तो तू कशाला उचलतोस?"

नव्या पिढीला या एका वाक्याचा अर्थ कळायचा नाही, म्हणून सांगतो. आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात येसकरकी करीत. चावडी झाडायची, सारा भरायला लोकांना बोलावून आणायचे, सरकारी माणसाचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहायचे, मयताची खबर परगावी पोचवायची, मेलेले ढोर ओढायचे. याचा मोबदला काय? संध्याकाळी दारोदार फिरून मिळालेल्या शिळ्या भाकरी आणि सुगीला मिळाले तर बलुते. रात्री-अपरात्री हाक आली तरी 'नाही' म्हणायची सोय नव्हती. कारण ते काम माणसाचे नव्हते, जातीचे होते.

१९२७ साली महाडला प.पू. बाबासाहेबांनी समाजाला बजावले की मेलेले ढोर ओढू नका, शिळे तुकडे मागू नका. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. आमच्या आजोबांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी चावडीचा झाडू चावडीतच ठेवला. गावाने बलुते बंद केले, दुकानदाराने मीठ-मिरची देणे बंद केले. आजोबा पोराबाळांना घेऊन मुंबईला आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. दादा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. बापाच्या मागे भाकरीची टोपली घेऊन ते स्वतः हिंडले आहेत. तेव्हा त्यांचे ते वाक्य रागाचे नव्हते, अनुभवाचे होते.

पण आमचे चिरंजीवही काही कमी नाहीत. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही दर रविवारी विहार झाडता. तो झाडू चालतो का?"

दादा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "विहार माझं आहे. तिथं मला कोण सांगत नाही. आणि मी नाही झाडलं तर दुसरा झाडतो, तोही माझ्यासारखाच."

वाचकहो, मी पंचवीस वर्षे चळवळीत काम करतो आहे. सेवा आणि वेठ यांतला फरक इतक्या कमी शब्दांत मला कोणी सांगितला नव्हता. झाडू तोच, केरही तोच. पण जिथे माणूस आपल्या मर्जीने झाडू घेतो आणि उद्या तो दुसऱ्याच्याही हातात जातो, ती सेवा. जिथे एकाच्याच हातात तो कायमचा दिला जातो आणि बाकीचे बघत उभे राहतात, ती वेठ.

रात्री मी संविधान काढले. कलम २३ आपल्याला वेठबिगारी बंद करणारे कलम म्हणून माहीत असते. पण त्याचे दुसरे पोटकलम फार थोडे लोक वाचतात. सार्वजनिक कामासाठी राज्याला नागरिकांकडून सक्तीची सेवा घेता येईल, असे ते सांगते. पण ती घेताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, अशी अटही घालते. म्हणजे संविधानाने सेवेला नकार दिलेला नाही. सेवेच्या वाटणीवर मात्र नजर ठेवली आहे. एन.एस.एस. काही सक्तीची नाही, हे खरे. पण मोजायची पट्टी हीच.

मी मुलाला तथागतांचीही एक गोष्ट सांगितली. विनयपिटकात ती आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे बघेना. भगवान बुद्ध आनंदाबरोबर फिरत तिथे आले. त्यांनी पाणी आणवले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी सर्व भिक्खूंना बोलावून सांगितले की, तुम्हाला इथे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? यात ध्यानात घेण्यासारखे काय आहे? घाण काढायला त्यांनी कोणा हलक्या माणसाला हाक मारली नाही. आधी आपला हात घातला आणि मग ते काम सर्वांचे केले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून कॉलेजात गेलो. भांडायला गेलो नव्हतो. मॅडमना एवढेच म्हटले, "कालच्या कामवाटपाचा कागद बघायला मिळेल का?" त्या म्हणाल्या, "असा कागद नसतो, मुलंच आपसात ठरवतात." मी घडले ते सांगितले, आजोबांचेही सांगितले. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "माझ्या लक्षातच आलं नाही." मला त्यांचे खरे वाटले. अन्याय पुष्कळदा असाच, कोणाच्या लक्षात न येता होतो. मी सुचवले की सर्व कामे चिठ्ठ्यांवर लिहा, झाडू, गटार, फोटो, बॅनर, सगळी. ज्याला जी येईल ती त्याची. वहीत नोंद ठेवा. त्यांनी मान्य केले आणि म्हणाल्या, "माझंही नाव त्यात घालते." त्या बारावीच्या मुलाने आमच्या मुलाची माफी मागितली. ती मनापासून होती की मॅडमच्या सांगण्यावरून, ते मला माहीत नाही. पण पुढच्या रविवारी गटारीची चिठ्ठी त्यालाच निघाली आणि त्याने ती मुकाट्याने साफ केली.

एवढे झाले तरी चिरंजीव शिबिराला जायला तयार नव्हते. शेवटी तोच मित्र, ज्याने त्याला या फंदात पाडले होते, घरी येऊन त्याची बॅग भरून घेऊन गेला.

सात दिवसांत मुलांनी ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडे शिवायची आणि पाण्याच्या वाटेत थर रचायचे. शिवाय घरोघरची पाहणी होती. चौथ्या दिवशी आमच्या मुलाच्या लक्षात आले की पाहणीची यादी ओढ्याच्या अलीकडेच संपते. पलीकडे पंधरा-वीस घरे दिसत होती, निळा झेंडा दिसत होता. जो मुलगा वर्गात हात वर करीत नाही, त्याने रात्रीच्या बैठकीत उभे राहून विचारले, "मॅडम, ती घरं गावात येत नाहीत का?" दुसऱ्या दिवशी सगळी तुकडी ओढा ओलांडून गेली.

तिथे एक एकटी म्हातारी भेटली. निराधारांचा पगार मिळावा म्हणून तिने दोनदा अर्ज केला होता, दोन्ही वेळा परत आला. मुलाने कागद बघून मला फोन लावला. मी वय विचारले, तर मतदार ओळखपत्राप्रमाणे अडुसष्ट. चूक तिथेच सापडली. कोणीतरी तिचा अर्ज संजय गांधी निराधार योजनेत भरला होता. ती पासष्ट वर्षांच्या आतल्यांसाठी आहे. पासष्टच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला जोडून नवा अर्ज तहसील कचेरीत द्यायचा. मुलाने मित्रांसह बसून तो लिहिला. उत्पन्नाचा दाखला तेवढा राहिला होता. घरी परतल्यावर त्याने माझ्या मागे लागून तलाठ्याचा नंबर मिळवला आणि तीन आठवडे पाठपुरावा करून तोही मिळवला. आता अर्ज दाखल आहे. मंजुरी अजून यायची आहे. तो दर सोमवारी विचारतो, "पप्पा, काही कळलं?"

शिबिराहून आला त्या रात्री दादांनी एकच प्रश्न विचारला. "तिथं झाडू कुणाच्या हातात होता?"

"रोज चिठ्ठी, आजोबा. तिसऱ्या दिवशी मला, पाचव्या दिवशी मॅडमना."

दादा म्हणाले, "मग जात जा."

तेव्हा पालकांनो, मुलांना अशा कामापासून अडवू नका. आपल्या समाजाला सेवा घेणाऱ्यांची नव्हे, करणाऱ्यांचीही गरज आहे. पण मुलगा-मुलगी घरी आली की तीन गोष्टी जरूर विचारा. कामाची वाटणी कोणी केली? तेच काम सर्वांच्या वाट्याला आले का? आणि यादीतून कोणाची घरे सुटली? उत्तर बरोबर नसेल तर नाव काढू नका. कॉलेजात जा, शांतपणे बोला, नोंद मागा.

हे सर्व मी घरी वाचून दाखवले. मुलाची आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "छान लिहिलंय. आता १४ एप्रिलला विहारात खिरीची पातेली कोण घासतं, तेही लिहा."

मला उत्तर देता आले नाही. कारण गेली कित्येक वर्षे ती पातेली आमच्या भगिनीच घासतात, आणि आम्ही पुरुष मंडळी मंचावर समतेची भाषणे करतो. महिन्याच्या बैठकीत मी हा विषय ठेवला. थोडी हसाहशी झाली, थोडी कुरबुरही. शेवटी दादाच म्हणाले, "पोरांच्या कॉलेजात चिठ्ठ्या चालतात, मग आपल्यात का नको?"

बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात पहिल्यांदाच चिठ्ठ्या टाकल्या. मला पातेली आली. तळाला लागलेली खीर खरवडायला किती वेळ लागतो, हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले.

नमो बुद्धाय. जय भीम.