वराडकरांची तीनशे ऐंशी मतं

२०१७ च्या जून महिन्यात आपल्या मराठी वर्तमानपत्रांना आयर्लंड नावाचा देश अचानक सापडला. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या एका डॉक्टरांचा मुलगा त्या देशाचा पंतप्रधान झाला होता. लिओ वराडकर, वय वर्षे अडतीस. मग काय, दोन दिवस सगळीकडे कोकणचा सुपुत्र, मालवणी रक्त, मराठी पाऊल पडते पुढे वगैरे वगैरे. वराड गावात पेढे वाटले गेले. आनंद मलाही झाला, नाही कशाला म्हणू? आडनावाच्या शेवटी 'कर' दिसला की आपल्याला उगाचच ओळखीचं वाटतं.

पण त्या सगळ्या बातम्यांत हा माणूस तिथपर्यंत पोचला कसा, हे मात्र कुणी धड सांगितलं नाही. जणू मुलगा हुशार, बाप डॉक्टर, म्हणून लॉटरी लागली! मला राजकारणाचं वेड पहिल्यापासून आहे, शिवाय आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं (वीस मार्कांचा विषय, तो कोण मन लावून शिकतो?). त्यामुळे नंतर वेळ मिळेल तसं या वराडकरांबद्दल वाचत गेलो. आणि मला त्यांच्या पंतप्रधानपदापेक्षा एका वेगळ्याच आकड्याचं कौतुक वाटायला लागलं. तो आकडा म्हणजे तीनशे ऐंशी.

वडील अशोक वराडकर मुंबईहून इंग्लंडला गेले. तिथे स्लाउ गावातल्या इस्पितळात मिरियम नावाची आयरिश परिचारिका भेटली, लग्न झालं आणि १९७० च्या दशकात हे कुटुंब डब्लिनला येऊन स्थिरावलं. दोन मुलींच्या पाठीवर १९७९ साली लिओचा जन्म. वडिलांचा दवाखाना डब्लिनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात होता. मुलगाही डॉक्टरकीलाच गेला, मधे काही दिवस मुंबईच्या केईएममध्ये उमेदवारीही करून गेला. पण डोक्यात किडा राजकारणाचा. १९९९ साली, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना, वयाच्या विसाव्या वर्षी तो मलहडर्ट नावाच्या प्रभागातून स्थानिक कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला. मतं पडली ३८०. आपटला!

आपल्याकडे एवढ्यावर विषय संपला असता. घरच्यांनी सांगितलं असतं, बाबा रे, आधी डॉक्टर हो. तसा तो झालाही, २००३ साली पदवी घेतली. पण त्याच वर्षी त्यांच्या फिना गेल पक्षाची फिंगल काउंटी कौन्सिलमधली एक जागा रिकामी झाली आणि पक्षानं त्याला तिथे बसवलं. तिकडे मधेच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक घेत नाहीत, त्याच पक्षाचा माणूस स्वीकृत करून घेतात. म्हणजे आपल्या स्वीकृत नगरसेवकासारखाच प्रकार. प्रवेश मागच्या दारानं झाला, हे मोकळेपणानं सांगितलं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट सुविचारांच्या फळ्यावर लिहिण्यासारखी होईल.

पण २००४ साली कॅसलनॉकमधून रीतसर निवडणूक लढवली तेव्हा पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं पडली. त्या वर्षी देशातल्या कुठल्याच स्थानिक उमेदवाराला एवढी मतं नव्हती. पाच वर्षांपूर्वी तीनशे ऐंशी!

हे पसंतीक्रमाचं प्रकरण आपल्याकडे शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघात आहे. आम्ही मास्तर लोक त्यात पटाईत. तिथे दिलेल्याच जांभळ्या पेनानं एक, दोन, तीन आकडे टाकायचे, बरोबरची खूण केली की मत बाद. आयर्लंडमध्ये गावच्या कौन्सिलपासून लोकसभेपर्यंत सगळ्यांनाच असं मतदान करावं लागतं. एका मतदारसंघातून तीन, चार, पाच जण निवडून येतात. ठरलेला कोटा पुरा झाला की वरची मतं पुढच्या पसंतीकडे जातात, आणि तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही मतं दुसऱ्यांना वाटली जातात. याचा परिणाम गमतीदार होतो. शेजारच्या पक्षाच्या मतदारालाही दुखवून चालत नाही, कारण त्याची दुसरी पसंती आपल्याला हवी असते. म्हणून तिथला नगरसेवक काय किंवा खासदार काय, दर आठवड्याला कुठेतरी ठरलेल्या जागी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. कुणाला सरकारी घर हवं, कुणाच्या दारातला पदपथ फुटलाय.

आता अधिकारांचं म्हणाल तर त्या कौन्सिलांना फारसे नाहीत. पोलीस नाही, शिक्षण जवळजवळ नाही. बांधकाम परवानग्या, गावातले रस्ते, घरं, वाचनालयं, बागा. बाकी खरी सत्ता नेमलेल्या मुख्य अधिकाऱ्याच्या हातात. ऐकल्यासारखं वाटतंय ना? तरीही तिथे माणूस तयार होतो. अंदाजपत्रक वाचायला शिकतो, अधिकाऱ्याकडून काम काढून घ्यायला शिकतो, आणि मुख्य म्हणजे शिव्या खायला शिकतो. २००७ साली वराडकर डब्लिन पश्चिममधून डॉइलवर, म्हणजे तिथल्या लोकसभेवर निवडून गेले. तीन जागांच्या त्या मतदारसंघात जो हिगिन्स यांच्यासारखा मुरलेला समाजवादी नेता त्या वेळी पडला. पुढे २०११ मध्ये परिवहन, २०१४ मध्ये आरोग्य, २०१६ मध्ये समाजकल्याण आणि २०१७ मध्ये पंतप्रधानपद. त्या पदाला तिथे टीशक म्हणतात.

पक्षाचा नेता निवडण्याची त्यांची पद्धत बघा. खासदारांच्या मताला ६५ टक्के वजन, सामान्य सदस्यांच्या मताला २५ टक्के आणि राहिलेले १० टक्के गावोगावच्या कौन्सिलरांना. आपल्या मुलहडर्ट-कॅसलनॉकच्या जुन्या सहकाऱ्यांनाही पंतप्रधान ठरवण्यात वाटा! यात सामान्य सदस्यांनी वराडकरांच्या विरोधातल्या सायमन कव्हनी यांना भरभरून मतं दिली होती. वराडकर जिंकले ते मुख्यतः खासदारांच्या जोरावर. म्हणजे तळातून आलेल्या या माणसाला तळाचा कार्यकर्ता काही प्रसन्न नव्हता.

त्यांची सगळी धोरणं मला पटतात असं अजिबात नाही. परदेशातून आलेल्या डॉक्टरचा हा मुलगा २००८ साली मंदीच्या दिवसांत संसदेत विचारत होता की, बेकार झालेल्या परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता एकदम देऊन मायदेशी पाठवता येईल का. समाजकल्याण मंत्री असताना सरकारी मदत लाटणाऱ्यांविरुद्ध जाहिरातींची मोहीम काढली, ती मला गरिबांकडे संशयानं बघणारी वाटली. घरांचे भाव आणि भाडी त्यांच्या काळात तरुणांच्या आवाक्याबाहेर गेली, आणि २०२० च्या निवडणुकीत मतदारांनी त्याचा हिशेब चुकता केला. पंतप्रधान असूनही स्वतःच्याच मतदारसंघात ते पहिल्या क्रमांकावर आले नाहीत, पाचव्या फेरीत कसेबसे निवडून आले. पुन्हा हाच माणूस त्याच वर्षी करोनाच्या लाटेत डॉक्टर म्हणून नाव नोंदवून आठवड्यातून एकदा कामाला गेला. २०१५ मध्ये मंत्री असताना आपण समलिंगी असल्याचं रेडिओवर शांतपणे सांगून मोकळा झाला. माझ्या पिढीला हे पचायला वेळ लागला, पण धैर्याला धैर्यच म्हटलं पाहिजे. २०१२ साली आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवर या दंतवैद्य मुलीचा गॉलवेच्या इस्पितळात गर्भपात नाकारल्यानंतर मृत्यू झाला होता. २०१८ मध्ये गर्भपातबंदीचं कलम घटनेतून काढण्यासाठी सार्वमत झालं, तेव्हा सरकारच्या प्रमुखपदी वराडकर होते. मालवण आणि बेळगाव, दोन्हींची गाठ अशी अटलांटिकच्या काठावर पडावी!

असो. मुद्दा दुसराच आहे.

ज्या दिवशी, म्हणजे ११ जून १९९९ रोजी, विशीतल्या लिओला ३८० मतं पडली, त्याच दिवशी आयर्लंडमध्ये एक सार्वमतही झालं. तोवर तिथे स्थानिक निवडणुका सरकारच्या मर्जीनं लांबणीवर पडत. आधीची काउंटी निवडणूक १९९१ ची, म्हणजे तब्बल आठ वर्षांचं अंतर. लोकांनी त्या दिवशी घटनेतच लिहून घेतलं की यापुढे दर पाच वर्षांच्या आत ही निवडणूक झालीच पाहिजे. आणि ती झाली, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४. पडलेल्या पोराला पुढची तारीख ठाऊक होती. तेवढ्या भरवशावर माणूस पाच वर्षं घरोघर फिरू शकतो.

आता इकडे या. आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या घटनेवरून घेतली, हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेत असू. पण निवडणूक वेळेवर घेण्याच्या बाबतीत आपण त्यांच्या सहा वर्षं पुढे होतो! १९९३ पासून त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं सांगितलं आहे की मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या. लिहिलेलं आहे, स्वच्छ. तरी पिंपरी-चिंचवड महापालिकेची निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारीत झाली ती त्यानंतर थेट २०२६ च्या जानेवारीत. मार्च २०२२ पासून प्रशासक. जिल्हा परिषदेचं तेच. आमच्या चाकणला २०१५ साली ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, पण पहिल्या सभागृहाची मुदत संपल्यावर तिथेही प्रशासक, आणि पुढचं मतदान २०२५ च्या डिसेंबरात. कारणं होती. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभाग किती सदस्यांचा यावर बदलत्या सरकारांचे बदलते निर्णय. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कान धरले तेव्हा हलले.

या काळात चाकणचं काय झालं ते तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात संध्याकाळी सहाला उभं राहून बघावं. पण रस्ता उशिरा का होईना, होईल. मला हळहळ वाटते ती माणसांची. माझा एक विद्यार्थी, शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला चोख, करोनात रात्री-अपरात्री लोकांना इस्पितळात पोचवणारा. २०२२ ला पंचायत समितीला उभं राहायचं म्हणून त्यानं दोन वर्षं गावं पिंजून काढली. लग्न, दहावे, हरिनाम सप्ताह, कुठलं चुकवलं नाही. तारीख आलीच नाही. पहिल्या वर्षी तो म्हणाला, "सर, दिवाळीनंतर नक्की." दुसऱ्या वर्षी काही म्हणाला नाही. तिसऱ्या वर्षी त्यानं एका कंपनीत गाड्या लावण्याचा धंदा सुरू केला आणि आता त्याला त्यातून डोकं वर काढायला सवड नाही. तीनशे ऐंशी मतं पडून हरायचीही संधी त्याला मिळाली नाही. थांबायला परवडतं कुणाला? ज्याच्या घरात आधीच कुणी आमदार, सभापती आहे, किंवा ज्याची गुंठेवारीची कमाई आहे, त्याला. बाकीचे गळून पडतात.

तळातून वर येण्याची वाट आपल्याकडे नव्हती असं नाही हो. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. आबा सांगली जिल्हा परिषदेतून आले, देवेंद्र फडणवीस नागपूरचे नगरसेवक आणि महापौर, एकनाथ शिंदे ठाण्याचे नगरसेवक. इथलंच बघायचं तर श्रीरंग बारणे पिंपरी-चिंचवडचे नगरसेवक होते, २०१४ पासून मावळचे खासदार आहेत. पक्ष कुठलाही असो, ही सगळी मंडळी त्याच शाळेतली. ती शाळाच आपण इतकी वर्षं कुलूपबंद ठेवली.

आणखी एक गोष्ट मला वाचताना चकित करून गेली. आयर्लंडमध्ये लोकसभेला मत द्यायचं तर नागरिकत्वाची अट आहे, पण स्थानिक कौन्सिलला तिथे राहणारा कुणीही मत देऊ शकतो, उभाही राहू शकतो, मग पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. राहतोस ना इथे, मग गटार तुझंही आहे, असा साधा हिशेब.

चाकणला तर पासपोर्टचा प्रश्नच नाही. मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, खराबवाडी, जिकडे बघाल तिकडे खोल्यांच्या चाळी, आणि त्यांत परभणी, लातूर, वाशीमपासून बिहार, उत्तर प्रदेशपर्यंतची पोरं. सगळे या देशाचेच नागरिक. आमच्या गल्लीतल्या एका चाळीत गेल्या निवडणुकीआधी मी सहज चौकशी केली. चौदा जण राहतात, इथल्या मतदार यादीत नाव दोघांचं. बाकीच्यांची नावं गावाकडे. परभणीचा एक मुलगा म्हणाला, "तिकडं मतदान असलं की उमेदवार गाडी पाठवतात सर, जेवणासकट." पाणी मात्र त्याला इथलं लागतं, दिवसाआड येणारं, आणि ते कमी पडलं की टँकरला वर्गणी काढतात.

मी त्यांना आठ नंबरच्या अर्जाचं सांगितलं. गावचं नाव कमी करून इथे लावता येतं, कायद्यानं काही अडत नाही. तिघे-चौघे तयार झाले. पण राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकराराचा कागद हवा, आणि तो घरमालक करून देत नाही. घरमालकांच्या घरातून या वेळी सूनबाई उभ्या होत्या.