हौशीपणाची किंमत कोणी मोजली?

ऑलिंपिकमध्ये दोन निरनिराळ्या देशांसाठी सुवर्णपदक मिळविणारे खेळाडू अगदी विरळा. डॅनियल कॅरोल हा त्यांपैकी एक. १९०८ साली लंडनमध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या रग्बी संघातून खेळला आणि १९२० साली अँटवर्पमध्ये अमेरिकेच्या. दोन्ही वेळा स्पर्धेत दोनच संघ होते व पदकाचा निकाल एकाच सामन्यात लागला, हेही नमूद केले पाहिजे. तथापि त्यामुळे कॅरोलच्या खेळाचे मोल कमी होत नाही. प्रश्न वेगळाच आहे. या गौरवगाथेत कॅरोलच्या अनेक सहकाऱ्यांची नावे का आढळत नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर ‘हौशी खेळाडू’ या साळसूद शब्दात दडलेले आहे. इंग्लंडमधील रग्बीचे नियंत्रण सुखवस्तू वर्गाच्या हाती होते. उत्तरेकडील गिरणी व खाण कामगारही हा खेळ खेळत; पण खेळासाठी कामावर खाडा झाला की त्यांचा रोज बुडे. या बुडालेल्या रोजाची भरपाई मागणे म्हणजे खेळ भ्रष्ट करणे, असा निवाडा ज्यांना रोज म्हणजे काय हे कधी ठाऊकच नव्हते, अशांनी दिला! अखेर ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे उत्तरेतील क्लब फुटून निघाले आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई त्यांनी मान्य केली.

सिडनीतही तेच घडले. १९०७ मध्ये दौऱ्यावर जायबंदी झालेल्या अलेक बर्डन या खेळाडूला मजुरी गमवावी लागली आणि भरपाई मिळाली नाही. या अन्यायातून तेथील कामगार खेळाडूंचा असंतोष उफाळला व वेगळी रग्बी लीग उभी राहिली. कॅरोल ज्या संघातून १९०८ साली इंग्लंडला गेला, त्या संघातील खेळाडूंना कित्येक महिन्यांच्या दौऱ्यात भत्ता होता दिवसाला तीन शिलिंग. सामन्यांना प्रेक्षकांची गर्दी लोटत होती, तिकिटे खपत होती; तो पैसा कोणाच्या पेटीत जात होता, हे खेळाडूंना दिसत नव्हते काय? मायदेशी परतल्यावर १९०९ साली त्यांतील अनेकांनी पैसे स्वीकारून लीगचे सामने खेळणे पत्करले. सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या खेळाडूंना जुन्या संघटनेचे दरवाजे कायमचे बंद झाले.

कॅरोल हौशीच राहिला. १९१२ साली ऑस्ट्रेलियन संघाबरोबर तो कॅलिफोर्नियात गेला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकण्यासाठी तेथेच थांबला. अमेरिकन फुटबॉलमधील जीवघेण्या दुखापतींमुळे तेथील विद्यापीठांनी १९०६ पासून रग्बी स्वीकारली होती, ही त्याच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. १९१३ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध तो अमेरिकेकडून खेळला. त्या सामन्यात अमेरिकेचा ५१-३ असा धुव्वा उडाला. महायुद्धात अमेरिकन सैन्यात त्याला शौर्यपदक मिळाले, आणि १९२० साली फ्रान्सवर ८-० असा विजय मिळविणाऱ्या संघाचा तो खेळाडू व मार्गदर्शकही होता. पुढे त्याने तेल कंपनीत नोकरी केली. त्याच्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्याचे कारण नाही. विद्यापीठाचा आश्रय लाभलेल्या खेळाडूला हौशीपणा परवडतो. केशकर्तनालयात वा गोदीत राबणाऱ्याला तो परवडत नाही, एवढाच मुद्दा आहे.

कॅरोल अमेरिकेत पोहोचला त्याच वर्षी जिम थॉर्प या आदिवासी खेळाडूने स्टॉकहोममध्ये दोन सुवर्णपदके जिंकली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याच्या ‘अपराधा’बद्दल १९१३ साली ती काढून घेण्यात आली. त्याच्या वारसांना पदके मिळाली ती १९८३ साली, थॉर्पच्या मृत्यूनंतर ३० वर्षांनी.

रग्बीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळाडूंच्या मोबदल्यावरील बंदी उठविली ती ऑगस्ट १९९५ मध्ये, पॅरिस येथे. हडर्सफील्डच्या सभेला शंभर वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अवघे दोन-तीन दिवस उरले होते.