पुष्पचित्राचा दर्जा

फ्रान्सच्या शाही कला-अकादमीत 1667 साली झालेल्या व्याख्यानांना प्रस्तावना लिहिताना आंद्रे फेलिबियाँ यांनी चित्रविषयांची जी प्रतवारी लावून दिली, तिच्यात मनुष्याकृती रंगविणाऱ्याला श्रेष्ठत्वाची सनद मिळाली आणि फळाफुलांचे चित्र सर्वांत खालच्या पायरीवर बसविले गेले. हा निवाडा अन्यायाचा आहे. आणि तो नकळत आपणही मान्य केल्यामुळेच पुष्पचित्राकडे दिवाणखान्याची शोभा एवढ्याच दृष्टीने पाहून आपण पुढे सरकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाखल्यादाखल, लंडनच्या नॅशनल गॅलरीतील, भाजक्या मातीच्या कलशात रचलेल्या पुष्पगुच्छाचे यान फान हाउसुम या डच चित्रकाराचे चित्र घ्यावे. प्रथमदर्शनी तो गुच्छ एखाद्या प्रातःकाळी बागेतून खुडून आणल्यासारखा वाटतो. परंतु वसंतातील ट्यूलिप आणि ग्रीष्मातील गुलाब तेथे शेजारी शेजारी फुललेले असून, चित्रावर 1736 आणि 1737 अशी दोन्ही साले चित्रकाराने स्वतः नोंदली आहेत. फुले प्रत्यक्ष समोर ठेवूनच रंगवावयाची, हा त्याचा शिरस्ता. पिवळा गुलाब मिळत नसल्यामुळे चित्र पुढील वसंतापर्यंत पुरे होणार नाही, असे 1742 साली त्याने आपल्या एका ग्राहकाला कळविले होते. म्हणजे ज्या गुच्छाला आपण निसर्गाची नक्कल म्हणतो, तो निसर्गात कधी अस्तित्वातच नव्हता: पाकळी न् पाकळी सत्य आणि समग्र रचना मात्र कल्पनेची, असा हा दुर्मिळ योग आहे. मनुष्याकृती रंगविणारा इतिहासचित्रकार आपल्या नायकाला हव्या त्या आविर्भावात उभा करू शकतो. पुष्पचित्रकाराला ती मुभा नाही, त्याला ऋतूच्या हुकमाची वाट पाहावी लागते.

शिवाय ज्या प्रतवारीने मनुष्याकृतीला अग्रस्थान दिले, तिनेच स्त्रियांची वाट अडविली, कारण नग्न प्रतिमानावरून अभ्यास करण्याची परवानगी त्यांना नव्हती. अशा काळात राकेल राउस या डच चित्रकर्तीने, वनस्पतिशास्त्रज्ञ पित्याच्या संग्रहात घडलेली सूक्ष्म दृष्टी पुष्पचित्रणाला वाहिली, 1708 साली ड्युसेलडॉर्फच्या दरबारात चित्रकर्तीचे पद मिळविले आणि ऐंशी वर्षांचे वय उलटल्यावरही कुंचला खाली ठेवला नाही. कनिष्ठ ठरविलेल्या क्षेत्रात एवढी प्रतिभा पूर्णत्वाने सामावत असेल, तर उणेपणा त्या क्षेत्रात नव्हे, प्रतवारी लावणाऱ्याच्या मापात मानला पाहिजे.

पुष्पचित्र ज्यात मोडते तो स्थिरचित्र हा विषय आपल्याकडे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत असतो. तो केवळ हात बसविण्याचा अभ्यास, अशी समजूत विद्यार्थ्यांची होऊ देता कामा नये. पुष्पचित्रासमोर उभे राहताना फुलांची नावे ओळखून समाधान न मानता, कोणते फूल कोणत्या ऋतूचे, प्रकाश कोठून येतो, मागच्या बाजूस वळलेल्या पाकळीवर चित्रकाराने किती कष्ट घेतले, हे शांतपणे तपासावे. चित्राचा दर्जा त्याच्या विषयाने ठरत नाही; विषयाला चित्रकाराने किती अवधान दिले, यानेच तो ठरतो, आणि त्या अवधानाची फेड प्रेक्षकाने आपल्या अवधानानेच करावयाची असते.