ताकदीची बाटली आणि घरी परतलेला शिपाई

पहिल्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश नियतकालिकांत एका विशिष्ट तऱ्हेची जाहिरात वारंवार आढळते. गणवेशातील शिपायाचे छायाचित्र, त्याचे नाव, पलटण आणि खाली कृतज्ञतेचे पत्र. तोफांच्या भडिमाराने झोप उडाली, हातपाय कापू लागले. अमुक औषध घेतले आणि पुन्हा उभा राहिलो, असा त्याचा आशय. लंडनच्या ॲश्टन अँड पार्सन्स या कंपनीचे ‘फॉस्फेरिन’ यात अग्रेसर होते. मज्जातंतूंचे दौर्बल्य, निद्रानाश, अपचन, इन्फ्ल्युएन्झा, संधिवात, रक्तक्षय या साऱ्यांवर हेच एक औषध गुणकारी ठरवले जाई. युद्धभूमीवर बाळगण्यास गोळ्या विशेष सोयीच्या, अशी सूचनाही असे. ‘सॅनॅटोजेन’ ही पूडही मज्जातंतूंचे पोषण करणारी म्हणून खपे. तिच्यात सुमारे ९५ टक्के केसीन, म्हणजे दुधातले प्रथिन, आणि ५ टक्के सोडियम ग्लिसरोफॉस्फेट होते.

या व्यापाराला शास्त्राचा आधार आपल्याच व्यवसायाने पुरवला होता, हे विसरून चालणार नाही. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये ‘न्यूरस्थेनिया’ ही कल्पना मांडली. मज्जातंतूंत शक्तीचा साठा असतो आणि अतिश्रमाने तो आटतो, असा तिचा मथितार्थ. मेंदूत फॉस्फरस आहे, तेव्हा फॉस्फरस दिला की साठा भरेल, हा पुढचा हिशेब ओघानेच आला.

विरोध झाला नाही असे नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ व १९१२ मध्ये अशा गुप्त औषधांचे पृथक्करण पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. संसदेने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल ४ ऑगस्ट १९१४ रोजी बाहेर आला, आणि त्याच दिवशी ब्रिटनने युद्ध पुकारले. अहवाल बासनात गेला. घटकद्रव्ये उघड करण्याचे कायदेशीर बंधन आले ते १९४१ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना.

तथापि, हा केवळ भोळ्या जनतेच्या फसवणुकीचा इतिहास आहे, असे मला वाटत नाही. चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मधून ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकात आणला. पण हा आजार की भित्रेपणा, हा वाद सैन्यात अखेरपर्यंत मिटला नाही. पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातल्या गेलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. क्रेगलॉकहार्टच्या रुग्णालयात डॉ. रिव्हर्स रुग्णांशी बोलत, त्यांचे ऐकून घेत. परंतु ते रुग्णालय अधिकाऱ्यांसाठी होते. साध्या शिपायाला असा ऐकणारा क्वचितच लाभला. त्याला दुकानातली बाटली मात्र सांगत होती, ‘तू भित्रा नाहीस, तुझे मज्जातंतू थकले आहेत.’ बाटलीतले औषध पोकळ असले, तरी जाहिरातीने त्याच्या दुखण्याला नाव दिले आणि त्यातली लाज काढून टाकली. तिचा खप त्यामुळे झाला, असे माझे मत आहे.

हा विषय आम्हा बेळगावकरांना परका नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे. त्याच महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या. आजही या भागातल्या कित्येक घरांतून एखादा निवृत्त सुभेदार, हवालदार असतोच. तो दवाखान्यात येतो आणि म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, अंगात बळ नाही, ताकदीचं काहीतरी द्या.’ तपासण्या निर्दोष येतात. ‘झोप लागते का?’ असे विचारले की तो क्षणभर गप्प होतो. खरी तक्रार त्या गप्प होण्यात असते.

आपल्याकडे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने ‘मज्जातंतूंचे दौर्बल्य’ बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी घातली. परंतु कायद्याने जाहिरात थांबते, मागणी थांबत नाही. आणि मागणी आपल्या टेबलापाशी येऊन उभी राहते. काही व्यवसायबंधू म्हणतात, टॉनिक दिल्याने बिघडते काय? रुग्णाला बरे वाटते! बिघडते ते हे, की बाटली हातात पडली की संभाषण संपते. रात्री दचकून उठणे, वाढत चाललेली दारू, घरातला अबोला, यांतले काहीच पुढे येत नाही. महिन्याने अशक्तपणा तसाच राहिला, तर आपल्यातच खोट आहे, असे तो शिपाई मनाशी धरून बसतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. टॉनिक लिहिण्याआधी पाच मिनिटे द्यावीत. झोप, स्वप्ने आणि व्यसन यांविषयी विचारावे. त्याची संमती घेऊन पत्नीशीही बोलावे. गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे, आणि तेथे जाण्यात कमीपणा नाही हे आपल्या तोंडून सांगावे. आपल्या संस्थेने वर्षातून एक शिबिर माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी भरवावे, आणि त्यात रक्तदाबाच्या टेबलाशेजारी निवांत बोलण्याची एक खोलीही असावी. ‘तू भित्रा नाहीस’ हे सांगण्याचे काम शंभर वर्षांपूर्वी जाहिरातीने केले, कारण डॉक्टरांनी ते पुरेसे केले नाही. ते काम मुळात आपले आहे.