आधी हवा मोजा, मग प्लग बदला

कंपनीने दिलेला एअर फिल्टरचा डबा काढून त्या जागी बाजारात मिळणारा उघडा कोन फिल्टर आणि रुंद पाइप बसवलेली पेट्रोल गाडी जेव्हा 'मिसिंग मारते, झटके देते, चेक लाइट लागला आहे' अशा तक्रारीसह गॅरेजमध्ये येते, तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रथम प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग इंजेक्टरची सफाई होते, आणि एवढे होऊनही दोष जागच्या जागी राहिला की तो ईसीयूच्या माथी मारला जातो. या क्रमात ग्राहकाचा पैसा जातो आणि कारागिराची पत जाते. ज्या गाडीत नुकताच हवेचा मार्ग बदलला आहे, तिच्यात पहिला संशय ठिणगीवर नव्हे, तर हवेच्या मोजमापावर घेतला पाहिजे, आणि तो संशय हाताच्या अंदाजाने नव्हे, तर स्कॅनरवरील आकड्यांनी तपासला पाहिजे, अशी या मासिकाची स्पष्ट भूमिका आहे.

मिसफायर म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण न पेटणे किंवा अर्धवट जळणे. प्रत्येक स्फोटानंतर क्रँकशाफ्टला मिळणारा वेग क्रँक सेन्सरकडून ईसीयूला कळतो, आणि एखाद्या फेरीत हा वेग अपेक्षेपेक्षा कमी भरला की ती फेरी मिसफायर म्हणून मोजली जाते. एकाच सिलिंडरचा दोष असेल तर पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी त्या त्या क्रमांकाचा कोड येतो, तर दोष अनेक सिलिंडरांत विखुरलेला असेल तर पी ०३०० येतो. हवेची चूक सर्व सिलिंडरांना सारखीच भोवत असल्याने इनटेक बदलल्यानंतर पी ०३०० आणि त्याच्या जोडीला 'मिश्रण पातळ' असे सांगणारा पी ०१७१ दिसला, तर रोगाची दिशा बरीचशी ठरून जाते. मात्र कोड पाहताक्षणी पुसून टाकण्याची घाई करू नये, कारण दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, भार आणि तापमान जतन करणारी फ्रीझ फ्रेम कोडबरोबरच पुसली जाते.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि हे प्रमाण राखण्यासाठी आत येणारी हवा ईसीयूला ठाऊक असावी लागते. ज्या गाड्यांत मास एअर फ्लो सेन्सर, म्हणजे एमएएफ, असतो, त्यांत तापवलेली बारीक तार किंवा पट्टी हवेने किती थंड होते यावरून हवेचे वजन काढले जाते. परंतु हा सेन्सर पाइपमधील सगळी हवा मोजत नाही. तो आपल्यावरून जाणारा छोटासा अंश मोजतो आणि ठरावीक व्यासाच्या पाइपचा हिशेब गृहीत धरून बाकीची हवा ईसीयू ठरवतो. मूळ पाइपचा आतला व्यास ६० मिलिमीटर आणि नव्याचा ७० असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते, तेवढीच हवा पूर्वीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश वेगाने सेन्सरवरून जाते, आणि ईसीयू हवा कमी समजून पेट्रोलही कमी सोडतो. असे पातळ मिश्रण पेटवण्यास अधिक दाबाची ठिणगी लागते आणि पेटलेली ज्योतही मंदावते, म्हणून गावात नीट चालणारी गाडी नांदेड–लातूर महामार्गावर भरल्या ट्रकला ओलांडताना झटके देते. सेन्सर अडॉप्टरमध्ये किंचित फिरलेला असला, वळणाला अगदी लागून बसला असला किंवा मूळ डब्यातील हवा सरळ करणारी जाळी नव्या पाइपमध्ये नसली, तरीही रीडिंग डगमगते.

या दोषाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे फ्यूल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू मूळ हिशेबातील पेट्रोलात टक्क्यांनी जी वाढ किंवा घट करतो तिला ट्रिम म्हणतात. क्षणाक्षणाची ती शॉर्ट टर्म आणि अंगवळणी पडलेली ती लाँग टर्म, आणि वाचताना दोन्हींची बेरीज पाहावी लागते. इंजिन पूर्ण तापल्यावर बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असणे साधारणपणे ठीक मानले जाते, तर २५ टक्क्यांच्या आसपास बहुतेक गाड्यांची सावरण्याची ताकद संपते. बेरीज स्लोवर मोठी अधिक असून २,५०० आरपीएमला उतरत असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत ओढली जात आहे, कारण गळतीची हवा स्लोवर एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते आणि वेग वाढल्यावर नगण्य होते. उलट, बेरीज स्लोपासूनच अधिक असून वेग आणि भार वाढल्यावरही उतरत नसेल किंवा चढत जात असेल, तर सेन्सर हवा कमी मोजत आहे. मग पाइपचा व्यास, सेन्सरची दिशा किंवा त्याच्या तारेवरील तेलकट थर यांकडे वळावे. धुऊन वापरण्याच्या कापडी फिल्टरला गरजेपेक्षा जास्त तेल लावले की ते हवेबरोबर येऊन तारेवर बसते, आणि अशा वेळी एमएएफसाठीच असलेल्या क्लीनरखेरीज दुसरे काहीही वापरू नये.

अनेक छोट्या गाड्यांत मात्र एमएएफ नसतो. मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा मॅप सेन्सर आणि हवेचे तापमान मोजणारा आयएटी सेन्सर यांवरून हवेचा हिशेब होतो. तेथे पाइपच्या व्यासाने मोजमाप तसे बिघडत नाही, आणि थ्रॉटलनंतरच्या गळतीने मिश्रण पातळ होण्याऐवजी स्लो चढलेला दिसतो. येथे तपासायचा तो आयएटी: नव्या पाइपला भोक नाही म्हणून तो वायरला तसाच लोंबकळत सोडला जातो, एक्झॉस्टच्या उष्णतेत भाजतो आणि हवा प्रत्यक्षाहून गरम असल्याचे सांगून पेट्रोल कमी करवतो. त्याचा कनेक्टर लावायचाच राहून गेला तर पी ०११३ येतो.

गळती शोधताना क्लॅम्पकडे सगळे पाहतात, पण ब्रीदर होज, कॅनिस्टर पर्जची नळी आणि ब्रेक बूस्टरची नळी यांकडे दुर्लक्ष होते. जुन्या रबरी बेलोजच्या घड्या बोटांनी ताणून पाहिल्याखेरीज खालच्या अंगाची चीर दिसत नाही, आणि इंजिन भाराखाली हलले की तीच चीर उघडते. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून आवाज ऐकण्याची पद्धत आगीला निमंत्रण देणारी असल्याने ती सोडून द्यावी. धूर सोडण्याचे यंत्र कमी दाबावर तेच काम सुरक्षितपणे करते आणि चिरेतून निघालेली धुराची बारीक रेघ ग्राहकालाही दाखवता येते.

ट्रिम शून्याजवळ असून एकाच सिलिंडरचा कोड येत असेल, तर दोष हवेचा नाही, आणि तेव्हा प्लग-कॉइलकडे जाणे योग्यच ठरते. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर लावावी. कोड तिच्याबरोबर सरकला तर कॉइल दोषी, न सरकला तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन या क्रमाने पुढे जावे. फिल्टरचा डबा इंजिनच्या डोक्यावर असलेल्या गाड्यांत तो काढताना कॉइलचा कनेक्टर सैल राहतो, हेही ध्यानात ठेवावे. सीएनजीवर पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागत असल्याने थकलेला प्लग आधी सीएनजीवर उघडा पडतो. म्हणून किट असलेली गाडी दोन्ही इंधनांवर तपासून पाहावी.

मराठवाड्याच्या हवामानात या फिटिंगचे मूल्यमापनही वेगळे होते. बाहेर ४२ अंश तापमान असताना बोनेटखालची हवा ६० अंशांवर गेली, तर तिची घनता सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटते, म्हणजे ताकदीसाठी बसवलेला उघडा फिल्टर उन्हाळ्यात ताकदच कमी करतो. काळ्या मातीची बारीक धूळ आणि सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्रांतून उडणारा भुसा बंद डब्यापेक्षा उघड्या फिल्टरवर लवकर साचतो, तर बंपरमागे खाली उतरवलेला फिल्टर पावसाळ्यात पुलावरच्या पाण्यातून थेट सिलिंडरपर्यंत पाणी नेऊ शकतो. विकत घेण्यापूर्वी त्या फिल्टरची आयएसओ ५०११ प्रमाणे चाचणी झाली आहे का, हे विचारण्याची सवय ग्राहकाला कारागिरानेच लावायला हवी.

मिसफायर होत असताना गाडी तशीच चालवू देणे हा तर अपराधच होय, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याचा गाभा वितळवते. चेक लाइट लुकलुकतो तो याच धोक्याचा इशारा असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांतील गाडीत हा भाग महागडा असून त्याच्या बिघाडाने पीयूसी चाचणीही हुकते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेले कलम १८२-अ नियमबाह्य फेरबदलासाठी मालकाला दंड सांगते, याची कल्पना फिटिंगपूर्वीच दिली पाहिजे.

यावरचा उपाय साधा आहे. मूळ डबा काढण्यापूर्वी स्लोवरची आणि २,५०० आरपीएमची ट्रिम जॉबकार्डवर लिहावी आणि फिटिंगनंतर त्याच स्थितीत पुन्हा लिहावी. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुनी गाडी आधीच काही टक्के अधिक ट्रिमवर चालत असू शकते, त्यामुळे आधीच्या नोंदीशिवाय नंतरचा आकडा मुका राहतो. दोन्ही नोंदींत मोठा फरक पडला तर मूळ डबा परत लावून पाहावा. दोष गेला तर निदान झाले आणि एकही सुटा भाग विकत घ्यावा लागला नाही. लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनाने आणि लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतील आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विभागांनी ट्रिम वाचनाचा सराव प्रात्यक्षिकांत घ्यावा, आणि गॅरेजचालकांनी हाताखालच्या पोरांना पान्याबरोबर स्कॅनर वाचायलाही शिकवावे, ही या अंकाची आग्रहाची विनंती आहे.