कौल उजवा, साखर २८६

परवा एचआरची मेल आली. सब्जेक्ट लाइनमध्येच दोन स्मायली. (एचआरच्या मेलमध्ये स्मायली दिसली की समजावं, आपलं काहीतरी जाणार आहे.) कंपनीने म्हणे आपल्या तब्येतीसाठी एक भन्नाट ॲप आणलंय. पंचवीसेक प्रश्नांची उत्तरं द्यायची, मनगटावरचं घड्याळ जोडायचं, की आर्टिफिशियल इंटेलिजन्स सांगणार, तुम्हाला पुढे डायबेटिस, बीपी, हार्ट यातलं काय होण्याचे चान्सेस किती. हिरवा, पिवळा, लाल. असले फंडे आपल्याला लगेच आवडतात! लोअर परळच्या लिफ्टमध्ये दोन दिवस एकच विषय, 'तुझा कुठला?' माझा पिवळा. वडापाव आणि रात्री दोनपर्यंत जागणं, दुसरं काय.

लाँग वीकेण्डला मी आचऱ्याला गेले. कणकवलीला उतरायचं आणि आचऱ्याची गाडी पकडायची. घरी आत्या एकटीच. वय ६८, अंगाने काडी. पडवीत बसून पायाला हळद लावत होती.

'काटो लागलो गो. जायत बरो.'

कधी लागला? तर महिना झाला!

दुपारी करमेना म्हणून मी ॲप उघडलं आणि 'फॅमिली मेंबर'मध्ये आत्याला टाकलं. वजन, उंची, रोज किती चालता, सिगारेट, आधीचे आजार, कधी ॲडमिट होता का... आत्या आयुष्यात दवाखान्याची पायरी चढलेली नाही. त्यामुळे सगळ्याला 'नाय'. स्क्रीनवर हिरवंगार वर्तुळ. माझ्याहून सरस!

'बघ आत्या, तुला काही होत नाही.'

'ह्या तुझ्या मोबाईलाक कोणी सांगल्यान?'

दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या. त्यांच्याकडे कागदी फॉर्म. वय, तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला साखर. ४ च्या वर गुण गेले की आधी तपासणीला पाठवायचं, असा साधा हिशेब. पण आत्याचे गुण मोजण्याआधीच त्यांनी पाय पाहिला आणि तिला थेट आरोग्य केंद्रात नेलं. उपाशीपोटी साखर २८६.

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. रात्री झोप येईना, मग वाचत बसले.

पहिला हिशेब वजनाचा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणजे वरून बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असेलच असं नाही. परदेशी अंगकाठीवर शिकलेलं यंत्र आमच्या काडीसारख्या आत्याला 'फिट' म्हणणार, त्यात नवल काय?

दुसरा हिशेब जास्त बोचला. अमेरिकेत लाखो लोकांवर वापरली जाणारी एक प्रणाली २०१९ मध्ये संशोधकांनी तपासली. कुणाला जास्त काळजीची गरज आहे, हे ती आधीच्या औषधपाण्याच्या खर्चावरून ठरवत होती. ज्यांच्यावर खर्चच कमी झाला होता ते कृष्णवर्णीय पेशंट तिला कमी आजारी वाटले. चूक दुरुस्त केली तर जादा मदतीला पात्र ठरणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जात होतं. दवाखान्यात गेला नाहीत म्हणजे बरे आहात... आमच्या ॲपच्या पोटात काय आहे ते मला कुणी दाखवलेलं नाही, पण आत्याचे ते सगळे 'नाय' आठवले.

आता म्हणाल, ही बया मशीनच्या विरोधात. मुळीच नाही! आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर किती वर्षं आहे कोण जाणे, डोळ्याचा पडदा तपासून घ्या. डायबेटिसने पडदा खराब व्हायला लागला तरी सुरुवातीला काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. नेमकं इथेच यंत्र कामाचं आहे. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांमध्ये स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढून, इंटरनेटशिवाय, फोनमध्येच निदान करून पाहिलं गेलं. २०१९ मध्ये ते छापून आलं. २०० च्या वर पेशंट होते, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायलाच हवं असा एकही त्याने सोडला नाही. संख्या लहान आहे, मान्य. पण रेंज शोधत अंगणभर फिरणाऱ्या माझ्यासारखीला 'इंटरनेटशिवाय' हा शब्द किती गोड वाटला असेल! थायलंडच्या दवाखान्यांत गूगलच्या अशाच प्रणालीने पाचातला एक फोटो 'नीट नाही' म्हणून परत केला होता, कारण खोलीत हवा तसा अंधार नव्हता. म्हणजे मशीन हुशार असून भागत नाही, पडदासुद्धा नीट ओढावा लागतो. खिडकीचा.

आचऱ्याची गावपळण ऐकली असेल. दर ४ वर्षांनी अख्खा गाव ३ दिवस, ३ रात्री गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर राहुट्यांत. परतायचं ते रामेश्वराचा कौल घेऊनच. लहानपणी एका गावपळणीत मी याच आत्याच्या कुशीत झोपले होते. तिला म्हटलं, माझं ॲपही कौलच देतं गं, फक्त चुकीचा दिला.

'कौल गाव मिळान घेता. सगळ्यांच्या समोर. ह्यो तुझो कौल कोण बघता?'

मी गप्प. खरंच, कोण बघतं? आत्याचं नाव, वय, वजन मी तिला न विचारता टाकलं होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट हवी आणि ती मागेही घेता यावी असं आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, अंमल टप्प्याटप्प्याने. आयसीएमआरनेही २०२३ मध्ये सांगून ठेवलंय की आरोग्यातल्या एआयवर माणसाची देखरेख हवी. आमच्या ॲपमध्ये 'आय ॲग्री'चं एक बटण आहे. ते मी नेहमीसारखं न वाचता दाबलं होतं.

मुंबईत आल्यावर आत्याचं नाव काढून टाकलं. आता माझ्या प्रोफाइलमधला एक प्रश्न उरलाय, 'कुटुंबात कुणाला मधुमेह?' आधी 'नाही' केलं होतं. खरं उत्तर 'हो' आहे, आणि ते भरलं की पिवळ्याचा बहुतेक लाल होईल. माझ्या भल्यासाठी ते भरायला हवं, कळतंय मला. फक्त तो लाल रंग माझ्याशिवाय आणखी कुणाच्या स्क्रीनवर दिसणार, हे एचआरला मेलवर विचारलंय. 'वुई विल गेट बॅक टू यू' आलं. या वेळी स्मायली एकच.

आत्याच्या गोळ्या सुरू झाल्यात, पायाला रोज ड्रेसिंग. गुरुवारी डोळे तपासायला जायचंय. मी रजा टाकलीय.