संभाषण कीं प्रवचन?

हल्लींच्या तरुणांस संभाषण करतां येत नाहीं, जेवतांनाहि त्यांची दृष्टि मोबाइलवरून हलत नाहीं, अशी तक्रार आमच्या वयाच्या सुशिक्षित मंडळींकडून वारंवार ऐकूं येते. तक्रार खोटी नाहीं. पण फिर्यादी निर्दोष आहे काय?

संभाषण रंगविण्यासाठीं कोणी चुटके पाठ करावयास सांगतात, कोणी विषयांची यादी जवळ बाळगावयास. आम्हांस हे उपाय व्यर्थ वाटतात. संभाषण आटतें तें बहुधा ऐकणारा नसल्यामुळें. आम्ही वडीलधारी माणसें प्रश्न विचारतों खरे. परंतु ज्याचें उत्तर आपण आधींच ठरवून ठेविलें आहे तो प्रश्न नव्हे, ती परीक्षा होय. आणि परीक्षेंत मोकळेपणानें कोण बोलतो?

मराठी गद्याच्या आरंभींचा थोर ग्रंथ जो ‘लीळाचरित्र’, तो इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या सहवासांतील माणसांस विचारून विचारून सिद्ध केला. त्यांतील कितीतरी प्रसंग म्हणजे निव्वळ संवाद आहेत. महदाइसा प्रश्नामागून प्रश्न करते, आणि स्वामी तिच्या जिज्ञासेचा मान राखतात. आज सातशें वर्षांनंतर आमच्या दिवाणखान्यांत पाहुण्यांदेखत गृहिणीनें एखादी शंका काढली, तर यजमान तिला चहाची आठवण करून देतात!

हा दोष आम्ही दुसऱ्याच्याच माथीं मारीत नाहीं. तीस वर्षें महाविद्यालयांत व्याख्यानें देऊन आम्हांस घरींहि व्याख्यान देण्याची संवय जडली. मुलानें नोकरी सोडल्याची वार्ता आम्हांस शेजाऱ्यांकडून कळली. जाब विचारतां तो शांतपणें म्हणाला, “बाबा, मीं दोनदां सांगावयास सुरुवात केली होती. दोन्ही वेळां पुढें तुम्हीच बोलत राहिलांत.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

वडिलांनीं गप्प बसावें तर त्यांचा अनुभव वाया जाईल, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत मुलांचें ऐकून घेतलें जातें, त्या घरांत तीं अनुभव विचारावयास आपण होऊन येतात. इतरत्र तो भिंतींनाच ऐकवावा लागतो.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति कीं, आज रात्रीं पंक्तीस ज्याचें उत्तर आपणांस खरोखरच ठाऊक नाहीं असा एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर पुरें होईतों मधें तोंड घालूं नये. तेवढें साधलें, कीं मोबाइलची खुशाल निंदा करावी.